रंग पक्का आहे का?

दरवर्षी विज्ञान दिनाच्या आगेमागे आपल्याकडे कुठलं ना कुठलं फूल नाहीतर फळ वीज तयार करतं. कधी जास्वंद, कधी बीट, मग डाळिंबाची साल, पळस, झेंडू, पालक, हळद. देवळातल्या निर्माल्यालाही हल्ली सुट्टी नाही. फोटोत पांढऱ्या कोटातला विद्यार्थी दोन चिमटे लावलेली काच धरून उभा असतो, शेजारी त्याचे गाईड, गाईडच्या शेजारी प्राचार्य. मजकुरात 'स्वस्त', 'पर्यावरणपूरक' आणि 'शेतकऱ्यांना वरदान' हे ठरलेले. आकडा तेवढा नसतो.

तो मी सांगतो. फुलाफळांच्या रसावर चालणाऱ्या सौरघटांची कार्यक्षमता बहुतेक वेळा एक टक्क्याच्या आतबाहेर घुटमळते. रुडकीच्या आयआयटीतल्या जांभळाच्या ज्या घटाची 2017 साली देशभर वाहवा झाली, तोही एक टक्क्याच्या खालीच होता. आपण अर्धा टक्का धरू. भर दुपारचं कडक ऊन म्हणजे चौरस मीटरला सुमारे 1,000 वॅट. दहा चौरस मीटर गच्ची जांभळाच्या रसानं माखली, तर हाती येतील 50 वॅट. त्यावर जुन्या धाटणीचा एक पंखासुद्धा पूर्ण वेगानं फिरणार नाही. त्याच गच्चीवर दुकानातली साधी सिलिकॉनची पॅनेलं 2,000 वॅट देतात आणि पंचवीस वर्षांची हमी कागदावर लिहून मिळते. जांभळाच्या गच्चीची हमी पुढच्या रविवारपर्यंतही कोणी देणार नाही.

मी रंगाच्या धंद्यातला माणूस आहे. तारापूरच्या एमआयडीसीत रंगाच्या बॅचेस काढण्यात आणि पास-नापास करण्यात उमेदीची वर्षं गेली. प्राध्यापकांच्या भाषेत मी 'इंडस्ट्री एक्स्पर्ट', म्हणजे सेमिनारला शाल-श्रीफळ द्यायचं आणि चर्चेच्या वेळी घड्याळ दाखवायचं, अशा जातीचा पाहुणा. आमच्या धंद्यात पहिला प्रश्न रंगछटेचा नसतो, भावाचाही नसतो. इचलकरंजीचा व्यापारी असो की भिवंडीचा, तो विचारतो: रंग पक्का आहे का? ऊन लागल्यावर किती दिवस राहील? याचं उत्तर द्यायला आमच्या प्रयोगशाळेत लोकरीच्या आठ निळ्या पट्ट्यांची मोजपट्टी असते. पहिली पट्टी सगळ्यात आधी उडते, आठवी सगळ्यात शेवटी. त्यांच्या शेजारी आपला रंगवलेला तुकडा लावायचा, वर झेनॉनचा दिवा पेटवायचा आणि वाट बघायची. तीन नंबरच्या खालचा रंग पडद्याच्या कापडाला कोणी घेत नाही.

रंगावर चालणाऱ्या सौरघटाच्या प्रयोगशाळेतही हाच झेनॉनचा दिवा असतो. आम्ही त्याच्याखाली रंग मरेपर्यंत ठेवतो. तिथे काच दिव्याखाली धरतात, मिनिटभरात प्रवाह-दाबाचा वक्र काढून घेतात, दिवा बंद करतात आणि पेपर लिहायला बसतात.

मूळ कल्पनेला मात्र मी हात जोडतो. टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगातली तीच पूड, साध्या उजेडाला आंधळी असते. तिला फक्त अतिनील किरण कळतात आणि उन्हात ते जेमतेम चार-पाच टक्के. पण तिचे वीसेक नॅनोमीटरचे कण भाजून काचेवर सच्छिद्र थर केला आणि प्रत्येक कणावर रंगाच्या रेणूंचा एकेरी लेप चढवला, की चित्र बदलतं. रंग उजेड खातो. त्याचा इलेक्ट्रॉन सेकंदाच्या अब्जांश भागापेक्षाही कमी वेळात पांढऱ्या कणात उडी मारतो. मोकळ्या झालेल्या रंगाला भोवतालच्या द्रावातलं आयोडाइड नवा इलेक्ट्रॉन देतं आणि रंग पुन्हा कामाला तयार. लोझानच्या मायकेल ग्रेट्झेल आणि ब्रायन ओ'रेगन यांनी 1991 साली 'नेचर'मध्ये हा घट मांडला, तेव्हा कार्यक्षमता सात टक्क्यांच्या पुढे होती. दोन वर्षांनी मूळचे आपल्याकडचे नझीरुद्दीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुथेनियमच्या नव्या रंगावर ती दहापर्यंत नेली.

त्या 1991 च्या पेपरचा गोषवारा आजच्या प्रत्येक गाईडनं भिंतीवर डकवावा. कार्यक्षमतेच्या जोडीला तिथेच लिहिलंय की हा रंग किमान पन्नास लाख फेऱ्या न विघटता टिकला. म्हणजे इचलकरंजीच्या व्यापाऱ्याच्या प्रश्नाला पहिल्याच दिवशी, पहिल्याच परिच्छेदात उत्तर. आणि पन्नास लाख हा आकडाही पुरेसा नाही. वीस वर्षं छपरावर राहायचं तर त्याच रेणूला सुमारे दहा कोटी वेळा इलेक्ट्रॉन देऊन परत घ्यावा लागतो.

ज्यांना वाटतं की रंगानं उजेड पकडणं ही जुनीच गोष्ट आहे, त्यात काय मोठंसं, त्यांच्यासाठी थोडा इतिहास. 1873 साली बर्लिनमध्ये हेर्मान फोगेलच्या लक्षात आलं की फोटोच्या काचेत विशिष्ट रंग मिसळला तर तिला हिरवा उजेडही दिसू लागतो. पुढे शंभर वर्षं फोटोग्राफी आणि सिनेमा या युक्तीवर जगले. पण फिल्ममधल्या रंगाच्या रेणूला आयुष्यात एकदाच काम होतं. शटर उघडलं, एक इलेक्ट्रॉन दिला, संपलं. मग तो मेला तरी बिघडत नव्हतं, फिल्म धुताना तो तसाही वाहून जायचा. सौरघटातल्या रेणूला तेच काम दहा कोटी वेळा करायचं असतं. एकदा काम केलेल्या रंगावर वीस वर्षांची आशा बांधणाऱ्यांना या दोन्हींतला फरक दिसत नाही, की बघायचा नाही?

जांभूळ-जास्वंदीतला अँथोसायनिन दहा कोटी सोडा, उन्हाळ्यातला एक आठवडाही काढत नाही. पांढऱ्या कणाला तो कार्बॉक्झिल गटाची मेख मारून बसत नाही, हायड्रॉक्सिलच्या भरवशावर कसाबसा चिकटतो. ऑक्सिजन आणि ओलावा दिसला की फुटतो. टायटॅनियम डायऑक्साइड ही स्वतःच उजेडात सेंद्रिय पदार्थ जाळणारी पूड. तिच्या मांडीवर हा नाजूक रस बसवायचा आणि म्हणायचं, टिक. फुलानं हा रंग भुंग्याला बोलावण्यापुरता केला होता, काम झालं की पाकळी गळते. त्या बिचाऱ्याकडून वीज कंपनीची नोकरी करून घ्यायची हौस आपली.

बरं, या सगळ्या पेपरांतून नवीन काय कळलं? पहिल्या दहा-वीस फुलांनंतर काहीही नाही. अँथोसायनिन जास्वंदीतला असो की जांभळातला, गाभा तोच. पण झाडांची यादी मोठी आहे आणि प्रत्येक झाडाला एक पेपर निघतो. काच विकत मिळते, पूड मिळते, रस मिक्सरमध्ये निघतो. शोधनिबंधाचा इतका स्वस्त कच्चा माल दुसऱ्या कुठल्या विषयात नसेल.

याचं मूळ रसायनशास्त्रात शोधू नका. ते बढतीच्या नियमांत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानं 2009 साली पीएचडीचा प्रबंध देण्याआधी एक पेपर छापून आणायची अट घातली. 2010 साली कॉलेजच्या प्राध्यापकांच्या बढतीला गुणांची कोष्टकं चिकटवली. ज्या कॉलेजात दिवसाला पाच तास शिकवून उरलेल्या वेळात नॅकची फाइल भरायची, जिथे धड फ्यूम हूड नाही, तिथल्या माणसाला सांगितलं: संशोधन कर, नाहीतर बढती विसर. त्यानं जास्वंद खुडली. मी त्याला दोष देत नाही. दोष ती कोष्टकं आखणाऱ्यांचा आहे. 2022 साली पीएचडीसाठी पेपरची अट काढून टाकली, तोवर एका पिढीला सवय लागून गेली होती.

सवय किती खोल गेली आहे ते एका कॉलेजच्या सेमिनारात कळलं. मुलगी हुशार होती, बोलण्यात तयार. वक्र दाखवला, कार्यक्षमता सांगितली. मी विचारलं, "ताई, दुसऱ्या दिवशी ह्याच काचेचं माप घेतलं होतं का?" तिनं गाईडकडे बघितलं. गाईड म्हणाले, "सर, स्टेबिलिटी आम्ही फ्यूचर स्कोपमध्ये टाकली आहे." सभागृहात कोणी हसलंही नाही. टिकाऊपणा भविष्यात! माझ्या कारखान्यात रंग उडाल्याची तक्रार आली असती आणि मी मालकाला असं उत्तर दिलं असतं, तर त्याच दुपारी माझा हिशेब केला असता.

क्षेत्रफळाची एक वेगळी गंमत. विक्रमी म्हणवले जाणारे घट बोटाच्या नखाहून लहान असतात, पाव चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून कमी. ते समजू शकतो, मोठ्या काचेवर रोध वाढतो, नुकसान होतं, सुरुवात लहानापासूनच होते. पण इतक्या लहान घटावर नेमकं मोजलेल्या भोकाचा काळा मुखवटा ठेवला नाही तर बाजूच्या काचेतून आत आलेला उजेडही फुकटात जमा होतो आणि कार्यक्षमता फुगते. ही लबाडी इतकी बोकाळली की 'नेचर'च्या नियतकालिकांना 2015 मध्ये सौरघटांच्या पेपरांसाठी प्रश्नावलीच काढावी लागली: मुखवटा लावला होता का, किती घट मोजले, टिकाऊपणा तपासला का. ज्या मासिकांत आपली जास्वंद छापून येते तिथे असली कटकट नाही.

पण विजेचा हा खेळ निदान निरुपद्रवी आहे. खरा संताप येतो तो इंधनाचं सोंग बघून.

केंद्र सरकारनं जानेवारी 2023 मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला मंजुरी दिली. 19,744 कोटी रुपये, 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टनांचं लक्ष्य. तेव्हापासून रंग आणि उत्प्रेरक यांवरचा जो पेपर हाती येतो, त्याची पहिली ओळ हायड्रोजन हेच उद्याचं स्वच्छ इंधन अशी असते. पुढे कृती अशी: काचेच्या भांड्यात पाणी, त्यात रंग, त्यात उत्प्रेरकाची चिमूटभर पूड, बाहेरून 300 वॅटचा झेनॉन दिवा. बुडबुडे येतात. वायूचं क्रोमॅटोग्राम निघतं, हायड्रोजनचं शिखर उभं राहतं. शीर्षकात सौरऊर्जेनं पाण्यापासून हायड्रोजन.

प्रयोगाच्या भागात मात्र बारीक अक्षरात आणखी एक पदार्थ असतो. ट्रायइथॅनॉलअमाइन, दहा-पंधरा टक्के. पाणी फोडण्याचं काम दोन हिश्श्यांचं असतं. एका बाजूला हायड्रोजन सोडायचा, दुसऱ्या बाजूला ऑक्सिजन. पहिला भाग तुलनेनं सोपा, दुसरा महाकठीण, कारण ऑक्सिजनच्या एका रेणूसाठी पाण्यातून चार इलेक्ट्रॉन ओढून काढावे लागतात. म्हणून ही मंडळी दुसरा भाग करतच नाहीत. ते इलेक्ट्रॉन पाण्यातून न घेता या अमाइनकडून घेतात. अमाइन जळून जातं, रंग पुन्हा ताजा होतो, बुडबुडे चालू राहतात. शास्त्रीय परिभाषेत या पदार्थाला बळीचा इलेक्ट्रॉनदाता म्हणतात. बळी कोणाचा जातो, तो हिशेब मात्र कोणी मांडत नाही.

कारखान्यात आम्ही त्याला टीईए म्हणतो. पिंपांनी येतो, क्रीम-लोशनमध्ये जातो, सिमेंट दळताना घालतात. तो बनतो इथिलीन ऑक्साइड आणि अमोनियापासून. इथिलीन तेल-वायूतून, अमोनियातला हायड्रोजन नैसर्गिक वायूतून. आता गणित. टीईएच्या एका रेणूनं उदार होऊन दोन्ही इलेक्ट्रॉन दिले, असं धरू. 2 ग्रॅम हायड्रोजनला लागला 149 ग्रॅम टीईए. एका किलोला सुमारे 75 किलो. म्हणजे नैसर्गिक वायू फोडून अमोनिया करा, अमोनियाचा टीईए करा, टीईए महागड्या रंगाबरोबर दिव्याखाली ठेवून नासवा, आणि त्यातून जो किलोभर हायड्रोजन येईल त्याला हिरवा म्हणा. गॅसच्या शेगडीवर पाणी तापवून त्याला सौरबंब म्हणणाऱ्याला आपण ठग म्हणतो. इथे डॉक्टरेट देतात.

दिव्याचं गणित आणखी मजेशीर आहे. या पेपरांत वेग सांगतात तो ताशी, उत्प्रेरकाच्या ग्रॅममागे. समजा आकडा आला ताशी दहा हजार मायक्रोमोल. वाचायला भारदस्त. भांड्यात मात्र पूड असते पाच मिलिग्रॅम. पाच मिलिग्रॅमचं माप दोनशेनं गुणून एका ग्रॅमवर नेलेलं असतं. खरोखर ग्रॅमभर पूड टाकली तर पाणी गढूळ होऊन मागच्या कणांपर्यंत उजेडच पोचत नाही, वेग त्या पटीत वाढत नाही. तेव्हा भांड्यातून प्रत्यक्षात निघालं किती? ताशी 50 मायक्रोमोल, म्हणजे एका मिलिग्रॅमचा दहावा हिस्सा. या वेगानं एक किलो हायड्रोजन व्हायला एक कोटी तास लागतात. अकराशे वर्षांहून जास्त. तोवर 300 वॅटचा दिवा खाईल 30 लाख युनिट. त्या किलोभर हायड्रोजनमध्ये ऊर्जा असते 33 युनिट. बाजारातला साधा इलेक्ट्रोलायझर तोच किलो 50-55 युनिटांत, नऊ-दहा लिटर पाण्यातून काढतो. आणि 2020 च्या डिसेंबरात गुजरातमधल्या एका लिलावात सौरवीज 1.99 रुपये युनिटनं द्यायची बोली लागली होती.

प्रयोगशाळेतल्या चिमूटभर पुडीकडून कारखान्याचा हिशेब मागणं अन्याय आहे, असं कोणी म्हणेल. मान्य. दोन उत्प्रेरकांची तुलना करायला टीईए वापरणं गैर नाही, अर्धा भाग वेगळा काढून तपासणं ही रसायनशास्त्राची रीतच आहे. मग शीर्षकात तसं लिहा. अर्ध्या कामाला पूर्ण कामाचं नाव देऊ नका.

या प्रयोगांत जो रंग सगळ्यात लाडका, तो इओसिन. लाल शाईतला, पॅथॉलॉजीच्या स्लाइडवरचा. स्वस्त, पाण्यात सहज विरघळतो, हिरवा उजेड झकास शोषतो. पण ऊन खाण्याच्या बाबतीत? व्हॅन गॉगच्या चित्रांतले गुलाबी रंग उडून पांढरट झाले, ते त्यानं वापरलेल्या इओसिनच्या रंगामुळे. घरात, भिंतीवर, मंद उजेडात जो रंग टिकला नाही, तो झेनॉनखाली पाण्यात काही तासांत फिका पडला तर आश्चर्य कसलं? पेपरात लिहितात, 'सहा तासांनी वेग मंदावला. ताजा रंग घातल्यावर पूर्ववत झाला.' वा! म्हणजे टीईएबरोबर आता रंगाचाही बळी.

ज्यांनी खरोखर टीईएशिवाय, पाण्यातूनच इलेक्ट्रॉन काढायचा प्रयत्न केला, त्यांच्याकडे बघा, म्हणजे काम किती अवघड आहे ते कळतं. अमेरिकेत टॉमस मायर यांनी 1982 पासून, आधी रुथेनियमच्या 'ब्लू डायमर' या उत्प्रेरकावर आणि पुढे रंग आणि उत्प्रेरक एकाच पांढऱ्या थरावर बसवून, आयुष्य या एका प्रश्नात घातलं. अडचण ही की भर उन्हातसुद्धा रंगाच्या एका रेणूवर सेकंदाला जेमतेम एक-दोन फोटॉन पडतात. ऑक्सिजनच्या एका रेणूला चार लागतात. तेव्हा पहिल्या फोटॉननं केलेली कमाई दुसरा-तिसरा-चौथा येईपर्यंत सेकंद-दोन सेकंद सांभाळून ठेवायला हवी. पण पांढऱ्या कणात उडी मारलेला इलेक्ट्रॉन मिलिसेकंदांत परत फिरतो आणि कमाई बुडवतो. त्यातून पाणी थोडं अल्कधर्मी झालं की कार्बॉक्झिलची मेख निसटते आणि रंग भांड्याच्या तळाशी. फॉस्फोनेटची मेख लावली तर थोडा वेळ जास्त. हे सगळं त्यांनी स्वतःच छापलं आहे. प्रवाह मिनिटांत कसा कोसळतो, याचे आलेख त्यांच्याच पेपरांत आहेत.

आणि 'पानासारखं' म्हणून ज्या पानाचा दाखला प्रत्येक प्रस्तावनेत येतो, ते पान तरी कुठे टिकतं? पाणी फोडणारं जे यंत्र झाडाकडे आहे, त्यातलं डी-वन नावाचं प्रथिन कडक उन्हात अर्ध्या तासात जळून निकामी होतं. झाड ते काढतं, नवं बसवतं, दिवसभर. पानाचं मोठेपण रंग पक्का असण्यात नाही, दुरुस्ती अखंड चालू ठेवण्यात आहे. भांड्यातल्या इओसिनला दुरुस्त करणारा कोणी नसतो. पानाची नक्कल करणाऱ्यांनी त्यातला हिरवा रंग तेवढा उचलला.

प्रामाणिक आकडा कसा दिसतो तेही बघा. टोकियोच्या काझुनारी दोमेन यांच्या गटानं 2021 मध्ये छापलेल्या प्रयोगात उघड्यावर, खऱ्या उन्हात, 100 चौरस मीटर पॅनेलं मांडली. त्यांत रंग नव्हता, स्ट्रॉन्शियम टायटॅनेटची पूड होती. बळी नाही, टीईए नाही. नुसत्या पाण्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन दोन्ही काढले, वेगळे केले, महिनोन्महिने चालवलं. कार्यक्षमता जास्तीत जास्त 0.76 टक्के, आणि ती तशीच छापली. आपल्याकडचा जास्वंदीचा आकडाही साधारण तेवढाच, पण दोन्हींमध्ये 100 चौरस मीटर आणि एक आख्खा ऋतू आहे.

मोठ्या नावांनाही या बाबतीत सूट देऊ नये. एमआयटीच्या डॅनियल नोसेरांनी 2011 साली 'कृत्रिम पान' जाहीर केलं, बाटलीभर पाण्यात गरीब देशातल्या घराची विजेची गरज भागेल असं सांगत फिरले. त्यांच्या सन कॅटलिटिक्स कंपनीत आपल्या टाटांचेही पैसे होते. त्या पानात उजेड पकडायला सिलिकॉनच होतं. 2014 मध्ये लॉकहीड मार्टिननं कंपनी विकत घेतली, ती बॅटरीसाठी. बाटली तशीच राहिली. आपल्या किती वर्तमानपत्रांनी हा दुसरा भाग छापला?

माझ्याविरुद्ध सगळ्यात वजनदार मुद्दा पेरोव्स्काइटचा आहे, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. 2009 साली जपानमध्ये त्सुतोमु मियासाका यांच्याकडे कोजिमा नावाच्या विद्यार्थ्यानं रंगाच्या जागी पेरोव्स्काइटचे स्फटिक लावून असाच घट केला. कार्यक्षमता 3.8 टक्के, आणि द्रावात ते स्फटिक विरघळून जात. तेव्हा मी सेमिनारात असतो तर नाक मुरडलं असतं. आज त्याच पदार्थाचे घट 26 टक्क्यांच्या पुढे गेले आहेत. मग जास्वंदीतूनही उद्या काही निघेल, असा युक्तिवाद होतो. नाही निघणार. मियासाकांच्या हाती नवा पदार्थ होता आणि तो नेमका कुठे बिघडतो हे जगाला कळलं होतं, म्हणून तीन वर्षांत इतरांनी द्राव काढून टाकला आणि घट कोरडा केला. जास्वंदीत नवं काय आहे? आणि ती कधी बिघडली हे मुळात मोजलंय कोणी? फ्यूचर स्कोपमध्ये आहे ते.

रंगाचे घट छपरावर सिलिकॉनशी भांडायला गेले आणि हरले. रुथेनियम सोडून पोर्फिरिनवर आले, 2014 पर्यंत 13 टक्के गाठले, अलीकडे 15 च्या वर गेले, पण तोवर चिनी सिलिकॉननं बाजार खाल्ला होता. ऑस्ट्रेलियाची डायसॉल नाव बदलून ग्रेटसेल झाली आणि 2018 मध्ये प्रशासकाच्या ताब्यात गेली. पण घरातल्या उजेडात, ट्यूबलाइटखाली, हे घट सिलिकॉनला मागे टाकतात. 2017 मध्ये 1,000 लक्सच्या कृत्रिम उजेडात 28.9 टक्के मोजले गेले. आयोडाइड जाऊन तांब्याची संयुगं आली, आणि एका रंगाऐवजी दोन रंग एकमेकांच्या फटी भरू लागले. स्वीडनची एक्सेजर कंपनी असे घट हेडफोनच्या पट्ट्यावर लावून विकते. हे रंगाचं खरं काम: सेन्सर, रिमोट, शेल्फवरची किंमतपट्टी, जिथे दर दोन वर्षांनी सेल बदलावा लागतो. यात गरिबाच्या झोपडीत वीज वगैरे भाषण नाही, म्हणून आपल्याकडे कोणाला रस नाही. तिरुवनंतपुरमच्या नीस्ट या संशोधन संस्थेत यावर नेटानं काम चालतं, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, स्क्वेरेनच्या रंगांवर चांगलं काम झालं. बातमी मात्र झेंडूची होते.

आणि हे महाराष्ट्रात व्हावं, याचं मला जास्त वाईट वाटतं. 1933 साली मुंबई विद्यापीठात जे केमिकल टेक्नॉलॉजीचं खातं उघडलं, त्याच्या पहिल्या भारतीय संचालकांनी, के. वेंकटरामन यांनी, कृत्रिम रंगांच्या रसायनावर असा ग्रंथ लिहिला की जर्मन कंपन्यांतही तो टेबलावर असे. पुढे तेच एनसीएलचे पहिले भारतीय संचालक. अंबरनाथपासून तारापूरपर्यंत रंगाचा रेणू कसा बांधायचा हे जाणणारे हात आहेत. रंग सांडायचा कसा, हेही आपल्याला चांगलं येतं. डोंबिवलीत 2020 साली आख्खा रस्ता गुलाबी झाला होता, मुख्यमंत्री बघायला आले होते. पण दहा कोटी वेळा टिकणारा रेणू बांधा, असं आमच्या मालकांना अजून एकाही प्राध्यापकानं येऊन सांगितलेलं नाही, आणि मालकांनीही कुठल्या प्रयोगशाळेची पायरी चढलेली नाही.

मी एकदा विषय काढला होता. मालक म्हणाले, "काका, ह्या सोलर डायचं मार्केट किती टन?" मी म्हटलं, चौरस मीटरला जेमतेम एक ग्रॅम रंग लागतो. दहा लाख चौरस मीटर घट झाले, तर एक टन. त्यांनी मनातल्या मनात भागाकार केला. तेवढा माल आमच्याकडे एका पाळीत निघतो. "मग एच-ॲसिडचं बोला," ते म्हणाले, आणि चहा मागवला.